हे कोणासाठी? कुंडल रोडचा नांगर आणि ‘स्त्री’ मासिक



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची कुंडलची यात्रा झाली. झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ, दोन्ही दर्शने छान झाली. डोंगर चढताना गुडघ्यांनी तक्रार केली, पण वर पोचल्यावर ती विसरायला झाली. परत येताना किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडीला दीड तास अवकाश होता. शिदोरी सोडून आम्ही बाकांवर बसलो.

आमच्या मंडळात एक तरुण सूनबाई आहे. तिने दिवाळीनंतर घरगुती उद्योग सुरू केला. कांदा-लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. पाकिटे सुंदर, त्यावर ठळक अक्षरात ‘जैन’ असे लिहिलेले. भाऊबिजेचे आणि माहेरचे साठवलेले तीस हजार रुपये तिने त्यात घातले होते. तीन दुकानांत माल ठेवला, चार महिन्यांनी बराचसा परत आला. यात्रेला येताना तिने एक पिशवी भरून पाकिटे आणली होती आणि ती बायकांना फुकट वाटत होती. “तारीख संपत आलीय, घ्या,” म्हणत होती. चेहरा हसरा ठेवला होता, पण डोळे सांगत होते.

माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही बी.कॉम. ना? मग सांगा की, माझं का खपत नाही? घरात सासूबाई म्हणतात, झाला तेवढा उद्योग पुरे.”

मी विचारले, “तू हे कोणासाठी केलंस?”

“सगळ्यांसाठीच की!”

मी लगेच काही बोलले नाही. आमच्या डोक्यावर स्टेशनाची पाटी होती, किर्लोस्करवाडी. याच स्टेशनाचे जुने नाव कुंडल रोड. तिच्या प्रश्नाचे उत्तर या पाटीच्या इतिहासातच आहे असे मला वाटले. तिला जे सांगितले, तेच आज जरा सविस्तर लिहिते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले. तो नाद सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे 1888 पासून त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचे दुकान चालू होतेच.

आता हे दुकान जरा गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. त्या काळी सायकल म्हणजे आजच्या मोटारीसारखी. परवडणारा माणूस गावात मोजका. पण ज्याला ती हवी असे, त्याला ती का घ्यायची हे कोणी सांगावे लागत नसे. अडचण एकच, चालवता येत नसे. म्हणून दुकानदारांनी सायकल विकायची आणि चालवायलाही शिकवायची. गिऱ्हाईक ओळखीचे, त्याची अडचण ओळखीची, म्हणून धंदा चालला.

मग लक्ष्मणरावांनी शेतीच्या अवजारांकडे लक्ष वळवले. आधी कडबा कापायचे यंत्र काढले, आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला होता. लाकडी नांगरापेक्षा जमीन खोल उकरणारा, तण मुळापासून उपटणारा. विलायतेतून येणारे नांगर होते, पण आपल्याकडे बनलेला, मोडला तर भाग जवळ मिळेल असा हा नांगर. कोणीही म्हणेल, हा हातोहात खपणार.

पण पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होते. आज आपल्याला हसू येते. पण मैत्रिणींनो, आपण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून बघू. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातला आपला समाज मुळात शेतकरी. तुमच्या माझ्या घरात दोन-तीन पिढ्यांमागे सगळ्यांच्या हातांना मातीच होती. सायकल नाही जमली तर माणूस पायी जाईल. नांगर नाही जमला आणि जमीन बिघडली, तर वर्षभर घरातली माणसे काय खाणार? एका हंगामाची चूक म्हणजे सावकाराच्या दारात उभे राहणे. ‘विषारी’ हा शब्द त्या भीतीचा होता. लोखंडाशी त्याचा संबंध थोडा, पोटाशी जास्त.

आमच्या घरी एक गोष्ट सांगतात. आमच्या आजेसासऱ्यांनी लोखंडी नांगर घेतला, तो बांधापलीकडच्या मळ्यात दोन हंगाम पीक बघून. तोवर कोणी कितीही सांगितले तरी त्यांचे उत्तर एकच, “आधी त्याच्या रानात दिसू दे.” जाहिरात, सवलत, गोड बोलणे, कशाचाही उपयोग नव्हता. त्यांना शेजाऱ्याच्या रानातली जोंधळ्याची ताटे बघायची होती.

आमच्या कॉलेजच्या पुस्तकात ‘बाजारपेठ ओळखा’ असे एक वाक्य होते. मी ते पाठ करून मार्क मिळवले. पण शेतकरी म्हणजे बाजारपेठ नव्हे, हे मला आजेसासऱ्यांच्या गोष्टीवरून कळले. एका बैलजोडीवर माळरान कसणारा शेतकरी वेगळा, आणि नदीकाठच्या काळ्या, खोल जमिनीत हरळी-कुंद्याशी झगडणारा शेतकरी वेगळा. ज्याला हरळीने छळले आहे त्यालाच खोल नांगराची किंमत. त्यातही ज्याच्याकडे एखादा हंगाम जोखीम पत्करायची ऐपत आहे, तोच पहिला नांगर घेणार. बाकीचे त्याच्याकडे बघून घेणार. म्हणजे पहिले गिऱ्हाईक शंभर नसतात, दोन-चारच असतात. ते दोन-चार कोण, हे शोधण्यातच सगळे असते.

लक्ष्मणराव थांबले नाहीत. हळूहळू नांगर रानात दिसू लागले, आणि दिसू लागले तसे खपू लागले. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जागा दिली. निवडुंगाने भरलेला, सापांचा माळ. तिथे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, असे आमच्याकडे सांगतात. तोफेचा नांगर झाला, ही गोष्ट मी नातवंडांना नेहमी सांगते. अहिंसेचा याहून चांगला धडा कुठल्या पाठशाळेत मिळणार?

आता कथेचा दुसरा भाग. हा आपल्या बायकांचा आहे.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकार. कारखान्याच्या जाहिरातींचे काम त्यांच्याकडे आले. नांगर वापरणारे शेतकरी गावोगाव पसरलेले, विक्रेते दूरदूर, त्यांच्याशी बोलायचे कसे? म्हणून 1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे पत्रक काढले. कारखान्याची माहिती, उद्योगाच्या गोष्टी, शेतीची चर्चा असे त्याचे रूप. म्हणजे बघा, ज्या कारखान्याला गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवायला दोन वर्षे लागली, त्याच कारखान्याने पुढे गिऱ्हाइकाशी नियमित बोलायची सोय केली. मला हा योगायोग वाटत नाही.

पत्रक वाढत गेले, त्याचे मासिक झाले आणि 1929 साली त्याचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. चांगले चालले होते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आता यातच सगळे घालू. चार पाने पुरुषांसाठी, चार बायकांसाठी, दोन पोरांसाठी. शंकररावांनी तसे केले नाही. 1930 साली त्यांनी ‘स्त्री’ हे वेगळे मासिक काढले, आणि 1934 साली तरुणांसाठी ‘मनोहर’.

बायकांसाठी मासिके त्याआधीही निघाली होती. पण ‘स्त्री’ बघितले की लक्षात येते, इथे बाई म्हणजे फक्त स्वयंपाक आणि शिवण नव्हे. शिक्षण, लग्नाचे वय, आरोग्य, घरातले हक्क, स्वतःची कमाई, सगळ्यावर लिहून येई, आणि बायका स्वतः लिहीत. पुढे कितीतरी वर्षे हे मासिक चालले. विद्या बाळ यांच्यासारखी संपादक त्याच घरात तयार झाली. माझ्या आईकडे ‘स्त्री’चे जुने अंक ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवलेले असत. त्यांना हात लावायचा तर आधी आईला विचारावे लागे, इतके ते जपलेले.

इथे एक बारीक गोष्ट आहे. त्या काळात वर्गणीचे पैसे बहुतेक घरांत पुरुषाच्या खिशातून जात, आणि वाचायची बाई. म्हणजे विकत घेणारा एक आणि वापरणारी दुसरी. मासिक काढणाऱ्याला दोघांचा विचार करावा लागतो. घरात यायला हरकत नको असे रूप हवे, आणि आत असे काहीतरी हवे की बाईने पुढच्या महिन्यात स्वतःहून म्हणावे, “यंदाही वर्गणी भरा हं.” पाळण्यातल्या बाळाचा खाऊ, सासऱ्यांची काठी, मुलीचे दप्तर, कितीतरी वस्तूंचे असेच असते. घेणारा वेगळा, वापरणारा वेगळा. हे ओळखले नाही की चांगली वस्तूही दुकानात पडून राहते.

आमच्या विषयाच्या पुस्तकांत बाजारपेठेचे भाग पाडण्याची कल्पना वेंडेल स्मिथ नावाच्या अमेरिकन लेखकाच्या 1956 सालच्या लेखापासून सांगतात. त्याच वर्षी सप्टेंबरात लक्ष्मणराव गेले. पुस्तकात कल्पना यायच्या सव्वीस वर्षे आधी या माळावर ‘स्त्री’ निघाले होते. शंकररावांनी ते कुठल्या पुस्तकात वाचून केले नाही. ज्याच्याशी बोलायचे त्याला समोर बसवल्याखेरीज बोलता येत नाही, एवढे त्यांना कळले होते.

आपल्याला हे नवे नाही खरे तर. समवसरणात भगवंतांची दिव्यध्वनी प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत समजते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. असि, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कर्मे भगवान आदिनाथांनी शिकवली, हेही ऐकतो. त्यातले कृषी, शिल्प, मसी आणि वाणिज्य या एका स्टेशनाच्या आवारात एकत्र आले, असे मला त्या दिवशी वाटले.

एक कबुली देते. ‘टार्गेट मार्केट’ हा शब्द मला कॉलेजातही आवडला नाही. टार्गेट म्हणजे ज्यावर नेम धरायचा ते. नेम धरून मारायचे काय, माणसाला? आणि आज मोबाइलवर जे चालते ते बघितले की तो शब्द खराच वाटतो. आपण एकदा साडी बघितली की आठ दिवस साड्या आपल्या मागे लागतात. गरज नसलेल्या माणसाला गरज आहे असे वाटायला लावायचे, हा तर परिग्रह वाढवायचा धंदा झाला. पण आपल्या मराठीत ‘नेम’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे. आपण चातुर्मासात नेम घेतो. अमुक खाणार नाही, अमुक करणार नाही, अशी स्वतःला घातलेली मर्यादा. धंद्यातही असा नेम घेता येतो. हे मी अमक्यासाठी करते, आणि अमक्यासाठी करत नाही. ज्याला नको त्याच्या मागे लागणार नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर मी सूनबाईला म्हटले, “आता तुझ्या पाकिटाकडे बघू. वर ‘जैन’ लिहिलंयस. कोण घेणार सांग.”

पहिल्या आपल्या व्रती बायका. त्या पिठाची मर्यादा पाळतात. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दळण घरचे, पाणी गाळलेले. आहारदानाच्या घरी तर बाहेरचे पीठ येतच नाही. त्या तुझी चार महिन्यांची तारीख घातलेली भाजणी घेणार नाहीत. पाकिटावर ‘जैन’ लिहिले म्हणून तर नाहीच नाही. त्यांचा राग धरू नकोस, त्या बरोबर आहेत.

दुसऱ्या आमच्यासारख्या घरी करणाऱ्या. मेतकूट आम्ही स्वतः करतो, शेजारणीला वाटीभर देतो. आम्ही कौतुक करू, विकत घेणार नाही.

तिसरे दुकानात येणारे इतर लोक. त्यांना लसणाची चटणी हवी असते. ‘जैन’ शब्द बघून त्यांना वाटते, हे आपल्यासाठी नाही. ते हात पुढे करून मागे घेतात.

ती रडवेली झाली. “मग राहिलं कोण?”

मी म्हटले, “तुझी चुलत नणंद पुण्यात शिकते ना? मेसमध्ये काय खाते?”

ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “दही-पोळी. भाजीत कांदा-लसूण असतो म्हणून. बटाटा असला तरी खात नाही.”

“तिच्या मैत्रिणी? नोकरी करणारी पोरं, चार जण मिळून राहणारी? ज्यांना घरचा नेम मोडायचा नाही पण दळायला जातं नाही, वेळ नाही, आई जवळ नाही? त्यांना चटणीची वाटी म्हणजे अर्धं जेवण. आणि पैसे कोण देणार? त्यांच्या आया. कारण पोरगं उपाशी राहतंय याची काळजी आईला असते. तुझं पाकीट त्या आईला दिसलं पाहिजे. ती कुठे भेटते? आपल्या मंदिरात, याच बाकांवर.”

बाकावरच्या तीन बायकांनी तिथल्या तिथे तिला आपल्या मुला-मुलींचे पत्ते दिले. एकीने विचारले, “भाजणीऐवजी भाजलेल्या पिठाचं काही देतेस का? वसतिगृहात गॅस नसतो, गरम पाणी मिळतं.” सूनबाईने ते वहीत लिहून घेतले. चार महिने तिने दुकानदारांना विचारले होते, खाणाऱ्याला विचारायचे राहिले होते.

आता मी खोटे सांगणार नाही. तिचे तीस हजार परत आलेले नाहीत. सध्या ती महिन्याला चाळीसेक पाकिटे करते, तीही मागणी आल्यावर. भाजणी बंद केली. सासूबाई अजून पूर्ण राजी नाहीत, पण परवा शेंगदाणे त्यांनीच भाजून दिले असे कळले. फेकायला मात्र आता काही उरत नाही, आणि हेच मला मोठे वाटते. तारीख उलटलेल्या पाकिटात पैसा तर जातोच, पण अन्न कुजते, त्यात जीव होतात, त्या हिंसेचा वाटा करणाऱ्याकडे येतो. गिऱ्हाईक ओळखणे हा आपल्यासाठी नुसता नफ्याचा प्रश्न नाही, हे मला त्या पिशवीकडे बघताना कळले.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी पापड, मसाले, राख्या, शिवणकाम काही सुरू करणार असाल, तर पाकीट छापायच्या आधी एक माणूस डोळ्यांसमोर आणा. नाव-गाव असलेला, खराखुरा. तो सकाळी काय खातो, त्याला कशाची भीती वाटते, पैसे कोण देते, हे विचारा. आणि हे कोणासाठी नाही, तेही वहीत लिहा. सगळ्यांसाठी केलेले कोणीच उचलत नाही, हे त्या सूनबाईने तीस हजार देऊन शिकले. तुम्हाला फुकट मिळते आहे, तर घ्या.

कुंडलला गेलात तर परतीच्या गाडीला थोडा वेळ ठेवा. स्टेशनाची पाटी नीट वाचा. त्या माळावरचा माणूस दोन वर्षे एका नांगराच्या गिऱ्हाइकाची वाट बघत होता, हे आठवले की आपले चार महिने फार वाटत नाहीत.

जय जिनेंद्र.